ओळंबा लावून छाटलेली मोरपंखी

पिंपरीच्या नव्या कारखान्यात मी फिटर होतो, आणि फिटर असल्याचा माज माझ्या अंगात पगारापेक्षा जास्त होता. एका सुताचा फरक नुसत्या नजरेनं ओळखतो, असं मी कुणी न विचारताच सांगायचो.

आमच्या क्वार्टरच्या दाराशी दोन बाजूंना दोन मोरपंखी होत्या. सासऱ्यांनी दिलेल्या. ते देहूरोडला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी. लग्नात दुसरं काही देता आलं नाही, म्हणून डालड्याच्या डब्यांतून दोन रोपं आणून त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती. ते अधूनमधून यायचे, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. झाडांपाशी उकिडवे बसायचे, बुंध्याची माती उकरायचे आणि तसेच चालू लागायचे. अशी तीन वर्षं गेली. मग आम्हाला मुलगी झाली, आणि एका रविवारी ते पहिल्यांदा जेवायला यायचं ठरलं. बायकोला दुसरं काही सुचेना. बापाला पोटभर जेवू घालायचं, बस्स.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं, डावं झाड उजव्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. छे! माळीबुवा येणार आणि फिटरच्या दारात हे असलं काम? ओळंबा लावला, फूटपट्टी काढली आणि पत्रा कापायची कात्री चालवली. डावं उतरवलं तर उजवं उंच दिसायला लागलं. उजवं उतरवलं तर डाव्याचं पोट पुढे आलेलं दिसलं. लोखंड घासलं की मापात येतं, मग झाडानं का येऊ नये? पुरण वाटायचं थांबवून बायको बाहेर आली तेव्हा दाराशी दोन तपकिरी खराटे उभे होते. दोन्ही अगदी एकसारखे, हे मात्र कबूल करायला हवं.

"अहो, काय केलंत हे!" म्हणून ती रडायलाच लागली. "आबा आल्या पावली परत जातील."

"फुटेल की महिन्याभरात," मी म्हणालो. माळ्याच्या लेकीला झाडातलं ज्ञान शिकवत होतो, वा रे पठ्ठ्या!

रविवारी सासरे आले आणि दारातच थबकले. वहाणाही काढेनात.

"कुनी केलं ह्ये?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात बायको म्हणाली, "मीच, आबा. फार वाढली होती, म्हणून छाटली."

म्हातारा असा भडकला! "माळ्याची लेक ना गं तू? जुन्या लाकडाला पालवी फुटत न्हाई, येवढं बी ठावं न्हाई व्हय तुला?"

ती मान खाली घालून ऐकत राहिली. माझं नाव निघालं असतं तर जावयाला ते एका शब्दानं बोलले नसते, पण जेवलेही नसते, हे तिला पक्कं माहीत होतं. लेकीवर मनसोक्त रागावून झालं आणि ते पाटावर बसले.

मी शेजारच्या पाटावर. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू! तोंड उघडून खरं सांगून टाकावं, असं दहादा मनात आलं. शेवटी उघडलं. ती वाढायला माझ्यासमोर वाकली तेव्हा म्हणालो, "आण अजून एक पोळी. आणि तूप जरा सढळ हातानं घाल."