मागच्या दाराची कडी

गल्लीतले सगळे त्या शिंप्याला टाचणी म्हणत. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे त्याचं बोलणं हूं आणि उंहूच्या पुढे जात नसे. तसाही तो विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा. दुकानाची पाटी रंगवायची तरी आधी फादरना विचारून यायचा! फादरना डावलून देवाशी बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटे.

त्याची आई मात्र कुणाला भीक घालणारी नव्हती. फादरशी बिनसलं तशी तिने दुकानामागच्या खोलीत चार बायका जमवून प्रार्थना सुरू केली. फादर भडकले. "आधी चर्चमध्ये सगळ्यांसमोर चूक कबूल करा, मग तुमची पायरी चढेन." तेव्हा ती हसली होती. आता त्याच खोलीत तिने अंथरूण धरलं होतं, आपण होऊन कूसही बदलता येत नव्हती, आणि हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

एक जुनी गोष्ट तिला आतून पोखरत होती. तरुणपणी, भांडणानंतर, धाकटी बहीण या खोलीचं मागचं दार वाजवत राहिली आणि हिने कडी काढली नाही. त्याच थंडीत बहीण गेली. त्यानंतर ते दार कुणी उघडलंच नाही. कडी गंजून जागच्या जागी घट्ट बसली होती.

"फादरशिवाय माफी मिळते का रे?" आई विचारायची.

टाचणी पुन्हा पुन्हा फादरकडे जाऊन हात जोडून आला. उत्तर तेच.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, वीज गेली होती. दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यावर फादरचाच झगा होता, कमरेत आत घ्यायला आलेला. आईला आताशा माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसत. टाचणीने झगा उतरवला आणि स्वतःच्या अंगात चढवला. आत टाचण्या तशाच होत्या, श्वास घेतला की बरगड्यांत टोचत. फादरच्या भारदस्त आवाजात दोन शब्द बोलायचे, आईला सुखाने जाऊ द्यायचं. बस्स.

इतक्यात मागचं दार वाजलं.

हळूच, पण थांबेना. मग आतून खाट करकरली. जमिनीवर पावलं घासत गेली. कडी किंचाळली. त्यानंतर आईचा आवाज, रडवेला, आणि मध्ये मध्ये शांतता, कुणीतरी ऐकून घेत असल्यासारखी. आत जायचा टाचणीला धीर होईना.

सगळं शांत झालं तेव्हा तो आत गेला. मागचं दार सताड उघडं होतं. बाहेर कुणी नव्हतं. आई खाटेवर नीट पांघरूण घेऊन पडली होती आणि तिची बोटं गंजाने लाल झाली होती.

झग्याची आकृती तिला दिसली.

"फादर, आलात? बसा. माझं माफी मागणं झालं हो." तिचा आवाज कित्येक दिवसांत इतका मोकळा नव्हता. "तरी बरं झालं आलात. माझा मुलगा फार घाबरट आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय देवाला हाकही मारत नाही. तुमचंच ऐकेल तो. त्याला सांगा, कडी आपल्याच बाजूने असते."

टाचणी खाटेच्या कडेला टेकला.

"सांगाल ना?"

"सांगतो," भारदस्त आवाज विसरून तो स्वतःच्याच आवाजात म्हणाला.