परीक्षा हॉलच्या बाहेर

ऑगस्ट सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता, आणि त्या कोरड्या ऑगस्टातच विद्यापीठाला साठ वर्षं पूर्ण होत होती. बेगमपुऱ्यातल्या दमयंतीबाईंना एरवी त्याचं फारसं काही वाटलं नसतं. त्यांचे यजमान वैजनाथराव तिथं कारकून होते, पण ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मग मस्कतहून अमलचा फोन आला.

"मावशी, देशोदेशीचे जुने विद्यार्थी बोलावलेत. मी येतेय. लेकीला घेऊन."

"ये की," दमयंतीबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्यांना आठवलं: दोघींमध्ये एक गोष्ट बोलायची राहून गेली होती.

अमल त्यांच्या घरी आली तीही दुष्काळातच, २०१२ साली. तिचा नवरा हानी येमेनहून इथं संशोधनाला आला होता. वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. अमल पोटुशी होती, आणि तिला ना मराठी येत होती ना हिंदी. समोर चार मजली इमारत उठली होती. तिचं बोअर खोल गेलं आणि दमयंतीबाईंचा आड आटला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळा टँकरचा भरवसा. उन्हाळ्याच्या तोंडावर अमल बाळंत झाली. मुलगी झाली, नाव ठेवलं नूर. येमेनहून कुणी येण्याजोगं नव्हतं. दमयंतीबाईंनी अळीव भिजवले, डिंक तळला, शेगडी पेटवली आणि बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला लागल्या.

शेजारच्या मनकर्णाबाईंना ते पटेना. "प्यायला पाणी नाय, अन् तू परक्या पोरीला रोज न्हाऊ घालतीस?"

"बाळंतिणीला पाणी नाय म्हणलेलं घर मी तरी बघितलं नाय," दमयंतीबाई म्हणाल्या. न्हाणीतलं पाणी त्या घमेल्यात धरून ठेवत आणि त्यानंच अंगण, जिना पुसून काढत.

अमल मराठी शिकली ती अशी, तेल लावता लावता. दुपारी ती खिडकीत बसून विद्यापीठाकडं जाणाऱ्या मुली बघायची. ती तिकडं इंग्रजीची पदवीधर होती, शाळेत शिकवत होती, हे दमयंतीबाईंना हळूहळू कळलं. एक दिवस त्यांनी हानीला खाली बोलावलं.

"इसकू भी दाखला लेने दे. एम.ए. करेगी."

"और बच्ची?"

"बच्ची मेरे पास."

वैजनाथराव होते तेव्हा दमयंतीबाई विद्यापीठाच्या फाटकातून आत जायच्या त्या फक्त त्यांचा डबा द्यायला. देवगाव रंगारीहून लग्न होऊन आल्या तेव्हा मॅट्रिक पास होत्या. पुढं शिकायचं बोलणं झालं होतं, ते बोलण्यातच राहिलं. अमलला प्रवेश मिळाला, तशा त्या रोज दुपारी नूरला कडेवर घेऊन विभागासमोरच्या लिंबाखाली बसू लागल्या. तास सुटला की अमल धावत येई आणि पोरीला ओढणीआड घेई. कुठल्या कुठल्या गावच्या मुली भोवती जमत. पोर बोलायला लागली ती मराठीतच.

अमलच्या शेवटच्या परीक्षेआधी येमेनमध्ये लढाई पेटली. सनावर बाँब पडायला लागले. तिचा धाकटा भाऊ तिथं होता आणि त्याचा फोन लागेना. अमलनं जेवण सोडलं, पुस्तकं मिटून ठेवली. पेपरच्या सकाळी ती म्हणाली, "मी नाही जाणार. फोन आला तर?"

"फोन माझ्याकडं दे. मी बाहेर बसते. आला की तुला बोलावते."

या शब्दावर अमल गेली. दमयंतीबाई हॉलबाहेरच्या पायरीवर नूरला घेऊन बसल्या, फोन मुठीत. आणि फोन वाजला.

पलीकडं एक पुरुष घाईघाईनं अरबीत बोलत होता. दमयंतीबाईंना त्यातलं एकच कळत होतं: अमल, अमल. त्यांनी धीर करून तोंडाला येतील ते शब्द जोडले. "अमल खैर. अमल... इम्तिहान. इम्तिहान." अमल बरी आहे, परीक्षेला बसलीय, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मग तो माणूस म्हणाला, "इम्तिहान?" आणि हसला. हसता हसता रडायला लागला असावा. त्यांनी फोन नूरच्या कानाला लावला. पोर आवाज ओळखून "मामा" म्हणाली आणि लाइन तुटली.

बोलवायला हवं होतं का? दार चार पावलांवर होतं. पण तो जिवंत आहे हे कळलं होतं, आणि आत बोलावणं गेलं असतं तर अमल पेपर टाकून आली असती. त्या उठल्या नाहीत.

अमल बाहेर आली तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणून ती लेकीला घेऊन घरी निघून गेली. भावाचा फोन परत लागायला महिना गेला. तो महिना दमयंतीबाईंना अन्न गोड लागलं नाही. नंतर सगळं सुरळीत झालं, अमल पास झाली, मस्कतला तिला शाळेत नोकरी लागली, कुटुंब गेलं. पण त्या दिवसाबद्दल कुणी तोंड उघडलं नाही.

समारंभाला अमल त्यांना हाताला धरून घेऊन गेली. व्यासपीठावर सुदान, थायलंड, इराक अशा कुठून कुठून आलेली माणसं बोलत होती. सभागृहात दुष्काळी गावांमधून इथं शिकायला आलेली मुलं मागं उभी होती. नूर दमयंतीबाईंकडं बघून आईमागं लपली. तिची मराठी पार पुसली गेली होती. दमयंतीबाईंना ते लागलं, पण पोर गेली तेव्हा होती तरी केवढी.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलंच. "अमल, तेव्हा मी तुला बोलवायला पाहिजे होतं का गं?"

अमल म्हणाली, "हो मावशी. पाहिजे होतं." थोडं चालून पुढं म्हणाली, "भाऊ आता कैरोत आहे. अजून मला इम्तिहान म्हणूनच हाक मारतो. आणि मी शिकवते ते त्या पेपरामुळं. दोन्ही खरं आहे."

"व्हय," दमयंतीबाई म्हणाल्या. "सांगितलंस, बरं झालं."

नूरला भूक लागली होती. तिघी बेगमपुऱ्याच्या वाटेला लागल्या.