मामांचा आजार मी आधी ओळखला

नवीन जालन्यात सायबर कॅफे नवा नवा निघाला होता. बियाण्यांच्या कंपनीत कारकून असल्यानं मला कम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. त्यात केदारखेड्याचे मामा पिवळे पडले. अंगाला खाज, धोतर कमरेला टिकेना, पण दुखत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साधी कावीळ. मी इंटरनेटवर शोधलं आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरची पानं छापून आणली. इंग्रजीत. मामांना वाचता येऊ नयेत म्हणून. केवढा धोरणी मी!

पुढच्या तपासणीला मी पानं टेबलावरून हळूच सरकवली आणि मामांच्या पाठीमागून डॉक्टरांना खुणा केल्या. डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि भरल्या दवाखान्यात मराठीत वाचायला घेतलं.

"ऐका काका, भाच्यानं काय आणलंय तुमच्यासाठी. कॅन्सर! बहुतेक पेशंट वर्षही काढत नाहीत म्हणे."

मामा माझ्याकडे वळले. "म्हणून तुझी बायको इतकं गोड बोलून राह्यली व्हय? मला वाटलंच, काहीतरी बिघडलंय."

सगळा दवाखाना हसला. मामाही हसले. डॉक्टरांनी ती पानं फाडून कंपाउंडरला दिली, आणि मामांच्या गोळ्या त्याच कागदांच्या पुड्यांत बांधून घरी आल्या.

पिवळेपणा काही उतरला नाही. मग त्याच डॉक्टरांनी मोठ्या तपासणीला औरंगाबादला पाठवलं. रिपोर्ट आला तो मी मामांच्या दारातच वाचला. तोच आजार. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बरोबर निघालो! ते तोंडावर दिसलं असणार, कारण मामी धावत आली. "चांगलं निघालं का, भाचेबुवा?"

नंतर मामा खाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "डॉक्टरच्या आधी माझ्या भाच्यानं ओळखलं. बस, तुझं बी सांग त्याला." शेजारचा एक जण पोट चोळत आला होता, तो कपातला चहा तसाच ठेवून उठला. "मला काय बी झालं न्हाई. बिलकुल न्हाई." हळूहळू माझी मोटारसायकल अंगणात दिसली की लोक फाटकातूनच परत फिरायला लागले.

एका रविवारी मामांनी मला जवळ बोलावलं.

"तू नको येत जाऊ रे आता. तुझ्यामुळं कोणी येऊन न्हाई राह्यलं. मला एकट्याला करमत न्हाई."