गोरोबा फिटरचं विमान

हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर म्हणून काढली, पण गोरोबा देवकते यांनी स्वतः कधी विमान चालवलं नाही. इंजिन तपासायचं, कागदावर सही करायची, वैमानिक आत बसला की मागं सरकायचं, एवढंच त्यांचं काम. चाळिशीला आल्यावर पेन्शन घेऊन ते आपल्या गावी, मुरुमला परतले. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली होती. गोरोबांनी रस्त्याकडेला शेड टाकली आणि पाण्याच्या मोटारी, ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागले. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडनंही लोक त्यांचा पत्ता विचारत यायचे.

त्याच शेडच्या मागच्या अंगाला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वरून कापड. लोक आधी हसले, मग सवय झाली. फिटरकडं मोटार टाकायला आलेला माणूस मागं जाऊन विमान किती पुढं सरकलं तेही बघून यायचा. असं दहा वर्षं चाललं.

इंजिन मात्र त्यांनी वेगळं निवडलं. एका जुन्या जपानी मोटारगाडीचं रोटरी इंजिन. त्यात वरखाली होणारा पिस्टन नसतो. तीन कोनांचा लोखंडी तुकडा पोटात गरगर फिरतो. कुणी विचारलं की गोरोबा सांगायचे, "जात्यासारखं हाय. हालचाल कमी, धडधड कमी. मोडायला आत काय जास्त न्हायच." हवाई दलातल्या जुन्या सोबत्यांनी फोनवर बजावलं होतं की हे इंजिन फार तापतं, साधं घे. गोरोबांनी ऐकून घेतलं आणि मनातलंच केलं.

विमानाचं शेपूट ट्रॅक्टरला बांधून त्यांनी शेडसमोर ते इंजिन तासन्‌तास चालवलं. दिल्लीहून चाचणीची परवानगी यायला दीड वर्ष गेलं. मग पंख काढून, ताडपत्री बांधून विमान ट्रकमधून धाराशिवच्या धावपट्टीवर नेलं. सोबत दैवशाला होत्या, त्यांच्या पत्नी. गोरोबांकडं उडवायचा परवाना नव्हता. चाचणीला आल्या कॅप्टन मिनाज. त्या धाराशिवच्याच, विमान शिकवण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी नटबोल्टांवरून हात फिरवत दोन तास विमान पाहिलं, आणि एका ठिकाणची तार बदलायला लावली. गोरोबांना त्याचं बरं वाटलं. अशा माणसाच्या हाती विमान द्यायला हरकत नव्हती.

दोन दिवस नुसतं जमिनीवर पळवून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी, जानेवारीतल्या गारव्यात, मिनाज धावपट्टीच्या टोकाला गेल्या. गोरोबा हातात वायरलेस घेऊन उभे राहिले. लढाऊ विमानं त्यांनी शेकड्यांनी उडताना पाहिली होती, पण त्यातलं एकही त्यांनी बांधलेलं नव्हतं. त्यांनी वायरलेस कानाजवळ धरला. पिवळं विमान पळत आलं, अर्ध्या पट्टीवरच चाकं सुटली आणि ते सरळ वर चढत गेलं. दैवशालांनी तुळजाभवानीचं नाव घेतलं. गोरोबांना आवाज तेवढा ऐकू येत होता. एकसारखा, कुठं अडखळ नाही.

चार मिनिटांनी वायरलेसवर मिनाज बोलल्या. पाण्याचं तापमान शंभरावर गेलं होतं, तेलाचंही वाढत होतं. पट्टीच्या डोक्यावरच असल्यानं त्यांनी इंजिन हळू केलं आणि वळण घेऊन विमान अलगद खाली आणलं. उतरल्यावर हेल्मेट काढून त्या गोरोबांजवळ आल्या.

"काका, विमान सुरेख उडतं. दांडी सोडली तरी सरळ चालतं. पण तापतंय. असं मी परत वर न्हाय नेणार."

"नेऊही नका," गोरोबा म्हणाले.

त्यांनी मोठा रेडिएटर बसवला आणि पट्टीवर जोरात पळवून पाहिलं. तापमानाचा काटा तसाच चढला. मग हवा आत घेणारी पुढची तोंडं मोठी केली. काटा उलट लवकर चढला. उतरले होते त्या धर्मशाळेच्या खोलीत बसून त्यांनी वहीची पानंच्या पानं आकड्यांनी भरली. सोबती म्हणाले ते खरं होतं का, दहा वर्षं चुकीच्या इंजिनावर घातली का, हा विचार पहिल्यांदा मनात आला. दैवशालांना त्यांनी तो सांगितला नाही. पण पुढ्यातली भाकरी गार होताना बघून त्यांना तो कळला. त्या एवढंच म्हणाल्या की मुरुमला कुणी वाट बघत बसलेलं नाही, लागतील तेवढे दिवस राहू.

उड्डाणानंतर चौथ्या दिवशी गोरोबांना नोकरीतली एक गोष्ट आठवली. पंखावरून हवा कशी वाहते ते बघायला विमानावर धागे चिकटवायचे. दैवशाला रिकाम्या वेळी घोंगडीसाठी लोकर कातायच्या. त्यांच्या पिशवीत काळ्या सुताचा गुंडा होता. दोघांनी मिळून त्याचे वीतभर तुकडे केले आणि चिकटपट्टीनं इंजिनाच्या झाकणावर सगळीकडं लावले. पंखाच्या दांड्याला मोबाइल बांधला. मिनाजनी विमान न उडवता पट्टीवरून तीनदा वेगानं पळवलं.

मग तिघं पंखाच्या सावलीत बसून चित्रफीत बघू लागले. गोरोबांची नजर पुढच्या तोंडांवर होती. तिथले धागे विंचरल्यासारखे मागं पडले होते. सगळं ठीक दिसत होतं. त्यांनी दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं.

दैवशालांनी स्क्रीनवर खाली बोट ठेवलं. "हितं गरम हवा भाईर पडती म्हणलात ना? मग ह्ये धागे आत का चाललेत?"

गोरोबांनी चष्मा पुसून पाहिलं. झाकणाच्या पोटाखाली, हवा बाहेर पडायच्या खिडकीशी, धागे उलटे वळून आत शिरत होते. बाहेरची हवा तिथूनही आत घुसत होती. दोन्हीकडनं हवा आत येणार, तर ती रेडिएटरमधून जाणार कुठून? इंजिन निर्दोष होतं. वाट तुंबली होती.

"मी चार दिस दरवाजा मोठा करत बसलो," ते मिनाजना म्हणाले, "अन्‌ परसदार बंद."

मिनाज हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

धाराशिवमधल्या एका वर्कशॉपमध्ये बसून गोरोबांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तिरका ओठ कापला आणि खिडकीच्या पुढच्या कडेला बसवला, म्हणजे खालून पळणारी हवा त्याच्यावरून घसरेल आणि आतली गरम हवा ओढून नेईल. वीतभर पत्रा, अकरा रिबिटी. पट्टीवर पळवलं तर काटा नव्वदीखाली राहिला. दुसऱ्या दिवशी मिनाज पुन्हा वर गेल्या. दर दोन मिनिटांनी त्या आकडा सांगत होत्या आणि गोरोबा वहीत लिहीत होते. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. वीस मिनिटांनी त्यांनी लिहिणं थांबवलं आणि नुसतं वर बघत राहिले.

चाचणीचे ठरलेले तास पुरे व्हायला उन्हाळा लागला. हळू उडवणं, तीव्र वळणं, इंजिन मंद करून घिरट्या घेत उतरणं, सगळं मिनाजनी केलं. दर खेपेला त्या काही सांगायच्या, गोरोबा पाना घेऊन वाकायचे. मग शेजारी दुसरा माणूस न्यायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी गोरोबांना आत बसायला सांगितलं. गोरोबा दैवशालांकडं बघायला लागले.

"तुमी जावा," दैवशाला म्हणाल्या. "म्या मागनं बसते. आधी बांधणाऱ्यानं बसावं."

गोरोबा बसले. चाकं सुटली तरी त्यांची नजर काट्यांवरच होती. तेल, पाणी, इंजिनाचे फेरे, पुन्हा तेल. डोंगराची कड ओलांडली तशा मिनाज म्हणाल्या, काटे मी बघते, तुम्ही खाली बघा. तेव्हा त्यांनी मान वळवली. खाली तलावाच्या काठानं मेंढरांचा कळप चालला होता, आणि विमानाची सावली त्याच्यावरून सरकत गेली. मेंढरं बिचकली नाहीत. गोरोबा कळप दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की अजून एक फेरा मारता येईल का.

आता विमान धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतं. गोरोबा आठवडाभर मुरुमला मोटारी उघडतात आणि रविवारी पहिल्या एसटीनं धाराशिवला जातात. एकोणसाठाव्या वर्षी ते उडवायला शिकताहेत. मिनाज म्हणतात त्यांचं उतरणं अजून कच्चं आहे, जमीन जवळ आली की ते नाक फार वर ओढतात. गोरोबांना ते मान्य आहे.