पेढ्यावर एक थेंब

परमेश्वरानं बाकीची मूलद्रव्यं हात बसावा म्हणून केली आणि मग मन लावून आयोडीन केलं, अशी माझ्या थोरल्या साडूंची ठाम समजूत आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण खिशातली टिंक्चर आयोडीनची तपकिरी बाटली काही निवृत्त झाली नाही. कुणाला नुसतं खरचटलं तरी हे कापूस घेऊन हजर. गल्लीतली पोरं पडल्यावर रडायची नाहीत, हे येताना दिसले की रडायची. "झोंबतंय म्हंजे काम करतंय," हे वर. घरात भाजीला मीठ पडायचं ते गॅस बंद केल्यावर, कारण शिजताना आयोडीन उडून जातं. माझ्या मेहुणीनं एकदा सवयीनं फोडणीतच मीठ टाकलं, तर पातेल्यावरच्या वाफेकडं ते असे बघत राहिले, जणू घरातलं माणूसच गावाला निघालंय.

पण त्यांचा खरा धाक मिठाईला. खव्यात पीठ मिसळलेलं असलं की आयोडीनच्या थेंबानं तो निळाकाळा पडतो. त्यामुळे साडू लांबून दिसले तरी कोपऱ्यावरचा हलवाई बर्फीवर कागद ओढतो. लग्नकार्याला निघताना मेहुणी आधी नवऱ्याचे खिसे चाचपते, मग दाराला कुलूप लावते.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला सिल्लोडचा एक मुलगा मनापासून आवडला होता. त्याच्या घरचे बोलणी करायला येणार, त्या दिवशी मेहुणीनं बाटली काढून घेतली आणि लेकीनं हात जोडून सांगितलं, "पप्पा, आज नको." साडूंनी मान डोलावली. पाहुणे आले, मुलाच्या आईनं पेढ्यांचा डबा पुढं केला. साडूंनी एक पेढा घेतला, उलटसुलट बघितला. मग माणसाचं काय होतं देव जाणे, त्यांनी चष्म्याच्या घरातून दुसरी बाटली काढली आणि सगळ्यांदेखत एक थेंब टाकला. पेढा निळाकाळा पडला.

"यात पीठ हाय," साडू वर्गात सांगावं तसं म्हणाले.

मुलाच्या आईनं पदर सावरला. "व्हय, हाय ना. म्याच केलेत. हाताला चिकटत व्हते, म्हणून वळताना मक्याचं पीठ लावलं. घरच्या रानातला मका हाय."

लेक उठून आत गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघता बघता साडूंचा चेहरा उतरला. मग त्यांनी तो निळाकाळा पेढा टिंक्चरसकट तोंडात टाकला आणि शांतपणे चावून गिळला. चव कशी असेल, याची कल्पना मला आजही करवत नाही.

"लई गोड झालाय, विहीणबाई," ते म्हणाले.

बोलणी व्हायच्या आधीच विहीणबाई झालेली ती माउली तोंडाला पदर लावून हसत सुटली आणि म्हणाली, "अगं पोरी, आधी तुझ्या पप्पांना पाणी आण."

लेक सिल्लोडला नांदायला गेली. साडू रोज संध्याकाळी तिला फोन करतात. त्यांना दुसरं काही बोलता येत नाही. ते विचारतात, "मीठ शेवटी घालतीस ना?" आणि ती म्हणते, "व्हय, पप्पा."

परवा मी समोरच बसलो होतो. फोन ठेवून ते म्हणाले, "खोटं बोलती. त्यांच्यात फोडणीतच मीठ टाकत्यात, मी बघून आलोय."

"मग तिला समजावून सांगा की," मी चिडवलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला उगाचच चिडवल्याचं वाईट वाटलं.

"काय सांगू? हसती हो ती फोनवर," ते म्हणाले. "उडू द्या आयोडीन."