दाढीवाल्या गणपतकाकांचा पंचनामा

"ह्यो न्हाई ओ म्याडम. आमच्या बुवाला हितपतूर दाढी होती," असं म्हणत महादप्पांनी पोटाकडे बोट दाखवलं आणि हात मागे बांधले. म्हणजे सही करणार नाही.

भर सकाळी सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आम्ही उभे होतो. समोर महादप्पांचं किराणा दुकान, शेजारी सत्तारभाईंची चहाची गाडी. मध्ये मी, तलाठी मॅडम आणि गणपतकाका. मी इथल्या बेघर निवाऱ्याची मॅनेजर. गणपतकाका आठवड्यापूर्वी स्टेशनजवळ वाट चुकलेले सापडले. "कुठं राहता?" विचारलं तर म्हणाले, "मोंढ्यात, महादप्पाच्या ओट्यावर. चौदा वर्सं."

डॉक्टरांनी तपासलं. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्यातला मोतीबिंदू लवकर काढला नाही तर तोही जाणार होता. ऑपरेशनच्या शिबिराची गाडी परवा निघणार. हॉस्पिटलला ओळखीचा कागद हवा, आणि काकांकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. तेव्हा रहिवासी दाखला काढायचा. त्यासाठी पंचनामा, म्हणजे 'हा माणूस इथलाच, आम्ही याला ओळखतो' असं पाच जणांनी तलाठ्यासमोर सहीनिशी सांगायचं. चौदा वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला पाच सह्या म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं.

घोळ माझाच होता. आमच्याकडे नवीन माणूस आला की आधी आंघोळ, मग न्हावी, मग फोटो. हा क्रम मीच लावलेला. फोटो झकास येतात, देणगीदार खूश होतात. न्हाव्याला बघून काका "नगं, नगं" म्हणत होते. मी लहान मुलाची समजूत घालावी तशी घातली आणि दाढी उतरवली. तेव्हापासून काका मिठाची गुळणी धरून बसले होते. माझ्याशी चकार शब्द नाही.

"महादप्पा, नीट बघा तरी," मी म्हणाले.

"बघितलं की. ह्यो कुण्या शाळेतला रिटायर मास्तर दिसायलाय. खोटी सही करून कोर्टात कोण जाईल?"

सत्तारभाईंनी गाडीमागून मान हलवली. "नै मॅडम, ये वो नै."

तलाठी मॅडम घड्याळ बघू लागल्या. "मला बोरीला जायचंय. पंच मिळाले की फोन करा." त्यांनी फाईल मिटली.

महादप्पा हळहळले. "आमचा बुवा आठ दिवस झाले गायब हाय. मेला बिला असंल बिचारा."

"मेला?" गणपतकाका गरजले. आम्ही सगळेच दचकलो. "महादप्पा, तुझं शटर आजून अर्ध्यात अडकायलंय. चौदा वर्सं सांगायलोय, तेल घाल. घातलंस? आन् म्हनं मेला!"

महादप्पांचे मागे बांधलेले हात सुटले.

"आन् सत्तार, आज अद्रक काउन कमी टाकलं रे? वासच न्हाई."

सत्तारभाईंनी जीभ चावली. मागून कुणीतरी पोतं घेऊन चाललं होतं. काका मान न वळवता म्हणाले, "रामकिसन हमाल चाललाय. डावी चप्पल घासायलाय. त्याला म्हनावं, दवाखान्यात जा."

रामकिसन पोत्यासकट थांबला.

तलाठी मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अहो, पंचांनी यांना ओळखायचं असतं. यांनी पंचांना नाही."

"पटली ओळख! लय चांगली पटली," महादप्पा म्हणाले. त्यांनी काकांचा हात धरला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. पहिली सही त्यांची. पाचाच्या जागी नऊ जण पुढे आले. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. या माणसाला स्वच्छ करायच्या नादात मी त्याची चौदा वर्षांची ओळख न्हाव्याच्या केरात टाकली होती.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर काका निवाऱ्यात आले आणि आरशासमोर थबकले.

"बाई, ह्यो कोण हाय?"

"तुम्हीच काका."

त्यांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मग महादप्पाचं काय चुकलं?"

काका पुन्हा मोंढ्यात असतात, झोपायला आमच्याकडे येतात. दाढी छातीपर्यंत आली आहे. शटरला महादप्पांनी तेल घातलं. आता दुकान कधी उघडलं ते कळत नाही, अशी काकांची तक्रार आहे. आणि निवाऱ्यातला क्रम मी बदलला. आधी फोटो, मग आंघोळ. न्हावी मागितला तरच.