सुधाकरच्या लघवीची अख्ख्या गल्लीला काळजी

आमच्या एटापल्लीच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. दारात तांदूळ निवडत बसलं की आपोआप सुपात पडतात! त्यातले निम्मे घड्याळवाल्या सुधाकरचे.

सुधाकर तिशीचा. जन्मला तेव्हा पाठीचा कणा नीट मिटलेला नव्हता. ऑपरेशन झालं, पण पायांत जोर कमीच राहिला आणि लघवी लागल्याचं त्याला कळेना. पॅन्ट ओली होईल म्हणून हा पाणीच पीत नसे. पंगतीत पाण्याचा जग आला की याचा ग्लास पालथा!

मग थंडी वाजून ताप यायला लागला. आमच्याकडे थंडी-ताप म्हणजे मलेरियाच! त्याची आई यशोदाबाई, मी, शेजारचे पोस्टमनभाऊ, सगळ्यांनी मिळून त्याला कडू गोळ्या चारल्या. ताप जाई, परत येई. शेवटी नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "मलेरिया कसला! लघवी आत तुंबते, इन्फेक्शन होतं. किडनीवर सूज आहे. असंच चाललं तर किडनी जाईल." उपाय एवढाच, भरपूर पाणी प्यायचं आणि वेळच्या वेळी स्वतः नळी घालून लघवी काढायची.

*

नळी उकळावी लागे. मी सहज डोकावले.

"यशोदाबाई, काय शिजवून राह्यली?"

"सुधाकरची नळी. वाढू का?"

त्या दिवशी मी त्यांच्याकडचा चहा घेतला नाही.

*

वेळ चुकू नये म्हणून सुधाकर घड्याळाला गल्लीभर ऐकू जाईल असा गजर लावायचा. गजर झाला की तो आत जायचा आणि गल्लीतल्या बाया चुलीवर भात चढवायच्या. एकदा तो मामाकडे भामरागडला गेला, तर सगळ्यांची जेवणं लांबली! आला तशी मी ओरडले, "पुढच्या वेळी गजर ठेवून जाजो बापा!"

*

त्याला पाणी पाजायचं काम गल्लीनंच अंगावर घेतलं. साखर आणायला निघाला की दारोदारी ग्लास पुढे. एकदा पाणी पिता पिता नळीची वेळ झाली आणि हा अर्ध्या वाटेतूनच परत! मी विचारलं,

"काऊन रे, साखर कुठी आहे?"

"दुकानापर्यंत पोचू देता का तुमी?"

*

एकदा पोस्टमनभाऊ कुडकुडत ओट्यावर बसले. हा खरा मलेरिया. पण आम्ही साऱ्याजणी भोवती जमून विचारतोय, "भाऊ, लघवी साफ होते ना?"

"बाई, मले आधी गोधडी द्या!"

*

पुढच्या तपासणीला नागपूरला सुधाकरसोबत यशोदाबाई, मी आणि पोस्टमनभाऊही गेलो. किडनीच्या फोटोत काय निघतं या धास्तीनं यशोदाबाई बसमध्ये सारखा देवाचा धावा करत होत्या. आम्हालाही काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पिता?"

"भरपूर!" यशोदाबाई.

"नळी?"

"उकळून!" मी.

"लघवी?"

"एकदम साफ!" पोस्टमनभाऊ.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "सूज उतरली. किडनी वाचली."

यशोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर हसत सुधाकरकडे वळले, "अहो, पेशंट तुम्ही ना? तुम्हीही बोला काहीतरी!"

सुधाकर म्हणाला, "साहेब, एक ग्लास पाणी भेटंल का? या तिघायनं सकाळपासून विचारलंच नाई!"